सोबत्याने बोलू नये

मी वकील आहे. बोलणं हा माझा धंदा. लहानपणी आई म्हणायची, "ह्याच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचाय." तो जन्माला आला होता, फक्त तो माणूस नव्हता, कागद होता. हॉस्पिटलच्या चौकशी समितीनं माझ्या वहिनींना पाठवलेल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर नियम सात छापलेला होता: "डॉक्टरांना सोबत एक व्यक्ती आणता येईल. ही व्यक्ती वकील असल्यास हरकत नाही. सोबत्याने समितीसमोर बोलू नये."

"म्हणजे वकील चालेल, वकिली चालणार नाही," मी दादाला म्हणालो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेत भूगोल शिकवतो. त्यानं चष्मा लावून नियम पुन्हा वाचला. "चिठ्ठी देता येईल असं खाली लिहिलंय की."

"हो. वर्गात मुलं देतात तशी."

वहिनी समोर बसल्या होत्या. त्या त्याच हॉस्पिटलात बावीस वर्षं पोटाच्या शस्त्रक्रिया करत होत्या. वय सत्तावन्न. मी कॉलेजात होतो तेव्हा त्या लग्न होऊन घरात आल्या आणि तेव्हापासून मला भाऊजी म्हणतात, मी त्यांना वहिनी म्हणतो. एरवी त्यांचे हात सतत काही ना काही करत असतात, सुरीला धार लावतील, बटण शिवतील, टेबलावरची चुरगळलेली पावती सरळ करतील. त्या दिवशी ते हात मांडीवर नुसते पडून होते. समितीनं ठरवलं तर ते हात तसेच पडून राहणार होते. प्रश्न एवढाच होता: वहिनींना पुढं शस्त्रक्रिया करता येणार की नाही.

झालं होतं ते असं. बस चालवणारा एक माणूस, वय पंचेचाळीस. वहिनींनी दुर्बिणीतून त्याचं पित्ताशय काढलं. शस्त्रक्रिया नीट झाली, माणूस संध्याकाळी बायकोशी थट्टा करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा रक्तदाब एकदम खाली आला. वहिनी धावत गेल्या. आत रक्तस्राव होत असेल, किंवा हृदयाचं काही असेल, दोन्ही शक्य होतं. रक्तस्राव असेल तर लगेच पोट उघडायला हवं. हृदयाचं असेल तर भूल देताच माणूस जायचा. वहिनींनी आधी स्कॅन करायचं ठरवलं. त्यात चाळीस मिनिटं गेली. रक्तस्रावच निघाला. त्याला थिएटरमध्ये नेलं, पोट उघडलं, आणि टेबलावरच तो गेला.

मी दहा-बारा डॉक्टरांना विचारलं असेल. निम्मे म्हणाले, सरळ उघडलं असतं. निम्मे म्हणाले, आम्हीही स्कॅनच केलं असतं. त्या माणसाच्या बायकोनं तक्रार केली. तिच्यावर मला रागवता येत नाही. तिनं करायलाच हवी होती.

पण समितीनं वहिनींवर जो आरोप ठेवला तो त्या बाईच्या तक्रारीतला नव्हता. तो वहिनींच्याच तोंडातला होता.

त्यांच्या हॉस्पिटलात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एक बैठक होते. महिनाभरात जे रुग्ण गेले त्यांच्याविषयी सगळे सर्जन, नर्स, भूल देणारे एका खोलीत बसून बोलतात. दार बंद असतं. बावीस वर्षांपूर्वी ही बैठक मोठ्या सरांनी सुरू केली. मोठे सर म्हणजे वहिनींचे गुरू, त्यांना चाकू धरायला शिकवणारे. त्यांनी एक रीत घालून दिली होती. ज्याचा रुग्ण गेला त्या सर्जननं पहिलं वाक्य बोलायचं, आणि ते वाक्य "माझ्याकडून" या शब्दानं सुरू करायचं. चूक असो वा नसो. थोरल्यानं आधी स्वतःकडे बोट दाखवलं की धाकट्यांना धीर येतो. मग नर्स सांगते की मला नळीत रक्त दिसलं होतं पण कळवायला संकोच वाटला. मग शिकाऊ डॉक्टर सांगतो की मी आकडा चुकीचा लिहिला. मग सगळे मिळून ठरवतात की पुढच्या वेळी काय करायचं. आणि शेवटी टिपणाचा कागद मोठे सर सगळ्यांसमोर फाडून टाकायचे.

दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापनानं कागद बंद करून संगणक आणला. कोपऱ्यात एक बाई बसून टिपणं टाइप करू लागली. फाडायला कागदच उरला नाही, आणि हे त्या खोलीतल्या एकाही हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही. पोटातली अर्ध्या सुताची रक्तवाहिनी दिसते ह्या लोकांना, समोर बसलेली टायपिस्ट दिसत नाही!

बसवाल्याविषयी त्या गुरुवारी वहिनी म्हणाल्या होत्या, "माझ्याकडून चाळीस मिनिटं गेली. पोट आधी उघडायला हवं होतं."

तक्रार आली तेव्हा संचालकांनी ते टिपण काढून समितीला दिलं. आणि समितीचे अध्यक्ष होते मोठे सर.

"हात दाखवून अवलक्षण," मी चिडून म्हणालो होतो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं असं बोलायला?"

"सरांनीच," वहिनी म्हणाल्या.

सुनावणीआधी चार दिवस मी रोज संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन वहिनींची तयारी करून घेतली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला दादा अध्यक्ष म्हणून. दादानं ते काम फारच मनावर घेतलं. पहिल्या दिवशी तो कोट घालून बसला.

"डॉक्टर, तुम्ही स्कॅन का केलं?" दादानं घसा खाकरून विचारलं.

"कारण मला खात्री नव्हती," वहिनी म्हणाल्या. "रक्तदाब खाली होता पण पोट मऊ होतं. आणि त्यांच्या वडलांना हृदयाचा त्रास होता असं मला आदल्या दिवशी कळलं होतं. आता मागं वळून बघितलं तर वाटतं की..."

"थांबा!" मी टेबलावर हात आपटला. "मागं वळून बघायचं नाही. कुणी बघायला सांगितलंय? प्रश्न काय होता? स्कॅन का केलं. उत्तर काय? निदानासाठी. संपलं."

"पण ते पूर्ण उत्तर नाही, भाऊजी."

"पूर्ण उत्तर द्यायचंच नसतं. वहिनी, पंचवीस वर्षं मी हेच करतोय. जेवढं विचारलं तेवढंच. हो किंवा नाही. आणि सगळ्यांत शेवटी ते विचारतील, अजून काही सांगायचंय का? तो गळ आहे. माणूस तिथं मोकळा होतो आणि सगळं घालवून बसतो. तिथं एकच उत्तर, नाही."

हा सल्ला चुकीचा नव्हता. कोर्टात मी तो शेकडो लोकांना दिला आहे आणि त्यातले बरेच सुटले आहेत. कारण कोर्टात समोरचा वकील माझ्या माणसाला "हो की नाही" करून कोपऱ्यात गाठतो, तेव्हा त्याच्यानंतर मी उभा राहतो. मी विचारतो, "बाई, हो म्हणालात, पण का ते सांगाल?" आणि अर्धवट राहिलेलं सगळं बाहेर येतं. साक्षीदारानं गप्प बसावं, कारण वकील बोलणार असतो. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की इथं वकील बोलणार नाहीये हे पाठ असूनही मला उमगलं नाही. नियम सातवर मी चार पानी निषेध लिहिला. "नियम सर्वांना सारखे" असं एका ओळीचं उत्तर आलं. पण त्या नियमामुळं माझा सल्लाही उलटा करायला हवा, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला माझ्या हुशारीचा फार भरवसा.

वहिनी मन लावून शिकल्या. चांगली विद्यार्थिनी असण्याची त्यांना जन्माची खोड. चौथ्या दिवशी दादानं विचारलं, "अजून काही सांगायचंय का?" आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही."

"शाबास!" मी म्हणालो.

सुनावणी सकाळी दहाला होती. हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर लांबट टेबलाची खोली, दाराला उभी काचेची पट्टी, टेबलावर पाण्याच्या बाटल्या रांगेत. मधोमध मोठे सर, उजवीकडे भूलतज्ज्ञ मॅडम, डावीकडे दुसऱ्या हॉस्पिटलातून बोलावलेले पाहुणे डॉक्टर. कोपऱ्यात तीच टायपिस्ट. मोठे सर वाळलेले, ताठ, पासष्टी ओलांडलेले. वहिनी आत आल्या तेव्हा ते सवयीनं अर्धे उठले, मग काहीतरी आठवल्यासारखे खाली बसले.

मला वहिनींच्या मागं, भिंतीशी खुर्ची दिली होती. शेजारीसुद्धा नाही.

"सोबत्यांना नियम माहीत आहेत ना?" मोठ्या सरांनी विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं हे बोलण्यात येतं का, असा एक खवचट प्रश्न मनात आला, तो गिळला.

पहिला अर्धा तास बरा गेला. शस्त्रक्रिया, औषधं, वेळा. वहिनी नेमकं बोलत होत्या. भूलतज्ज्ञ मॅडमनी दोनदा हसून मान डोलावली. मला वाटलं, जमतंय.

मग मोठ्या सरांनी समोरचा कागद उचलला. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला. "गुरुवारच्या बैठकीचं टिपण," ते म्हणाले. "'माझ्याकडून चाळीस मिनिटं गेली. पोट आधी उघडायला हवं होतं.' हे वाक्य तुमचं आहे?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

आणि थांबल्या.

खोलीत टायपिस्टच्या बोटांचा आवाज झाला आणि तोही थांबला. मी वाट पाहत होतो की आता कुणीतरी विचारेल, हे तुम्ही कशासाठी म्हणालात? त्या खोलीतल्या तिघांपैकी दोघांना तर ते माहीतच होतं. मोठ्या सरांनीच शिकवलं होतं, मॅडम वर्षानुवर्षं त्याच बैठकीत बसत होत्या. कुणी विचारलं नाही. उठून उभं राहायचं आणि "का ते सांगाल?" एवढे तीन शब्द बोलायचे. माझ्या पायांनी जमीन रेटली सुद्धा. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, कारण मी बोललो तर ते मला बाहेर काढतील आणि वहिनी एकट्या पडतील.

"म्हणजे पोट आधी उघडायला हवं होतं, असं तुमचं मत आहे?" पाहुण्या डॉक्टरांनी विचारलं.

"तेव्हा तसं म्हटलं होतं."

"हो किंवा नाही, डॉक्टर."

"हो."

माझाच सल्ला माझ्यासमोर येऊन बसला होता. मी वहीतला कागद फाडला आणि लिहिलं: "मोठ्या सरांना विचारा, त्यांनी स्वतः हे वाक्य त्या बैठकीत किती वेळा म्हटलंय?" घडी करून मी वहिनींच्या खांद्यावरून पुढं केला. त्यांनी तो मांडीवर उघडला, वाचला, परत घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवला. मग त्यांनी हात वर केला आणि दहा मिनिटं मागितली.

बाहेर बोळात एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला चहाचं मशीन. वहिनींनी दोन कप घेतले, एक मला दिला.

"का नाही विचारलं?" मी म्हणालो. "एक प्रश्न! सगळा डाव फिरतो, वहिनी. ह्या माणसानं ही रीत घालून दिली, आणि तोच आता..."

"त्यांनी म्हटलंय ते वाक्य. खूपदा. एकदा म्हणताना रडले होते."

"मग सांगा ना ते! कुठला रुग्ण, कधी, काय झालं होतं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"त्या खोलीतलं मी बाहेर आणणार नाही, भाऊजी."

"अहो, तुमचं आणलं की त्यांनी!"

"म्हणून मीही आणू?" त्या शांत होत्या आणि त्यामुळं मी आणखी भडकत होतो. "त्या खोलीत लोक का बोलतात माहितीये? बाहेर जाणार नाही म्हणून. मागं एकदा एका नर्सनं तिथं तोंड उघडलं म्हणून आम्ही एक औषध ठेवायची जागा बदलली. छोटी गोष्ट. त्यानंतर त्या कारणानं एकही माणूस गेला नाही. आज मी सरांचं काढलं, की ते पुन्हा बोलणार नाहीत. मॅडम बोलणार नाहीत. कुणीच बोलणार नाही."

"तसंही आता कोण बोलणार आहे? तुमचं बघून?"

त्यांनी कप मशीनवर ठेवला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मी म्हणालो, "आणि तुम्ही दांड्याला जपताय."

"सर तसे नाहीत. संचालकांनी टिपण समोर ठेवलं तर ते तरी काय करणार? वाचलं नाही तर म्हणतील, शिष्येला वाचवलं."

"वाचावंच लागलं असेल. पुढचा प्रश्न विचारायला कुणी हात धरला होता त्यांचा?"

दहा मिनिटं मी असाच भांडत राहिलो. रागावणं मला सोपं जातं, विचार करणं जड जातं. त्या दहा मिनिटांत मी एकच गोष्ट सांगायला हवी होती. सरांचं नाव काढू नका, कुणाचंच काढू नका, पण ती रीत काय आहे ते सांगा, आणि शेवटी विचारतील तेव्हा "नाही" म्हणू नका, तेव्हाच सगळं बोला. माझे चार दिवसांचे धडे विसरून जा. एवढं सांगायला एक मिनिटही पुरलं असतं. मी ते सांगितलं नाही, कारण मला मोठ्या सरांना खाली खेचायचं होतं. आतून बोलावणं आलं.

आम्ही बसल्यावर पाहुणे डॉक्टर मोठ्या सरांकडे वळले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना बहुधा दुपारची गाडी पकडायची होती. "मला वाटतं," ते म्हणाले, "डॉक्टरांनी स्वतःच चूक मान्य केली आहे. ताबडतोब, आणि लेखी नोंद आहे. मग आपण चर्चा कशावर करतोय?"

मॅडमनी टेबलाकडे बघितलं. मोठ्या सरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिता लावलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. कुणीतरी बोला. आपलेच दात आपलेच ओठ असतील, पण एक शब्द तरी बोला. कुणी बोललं नाही.

तेव्हा मी उभा राहिलो.

"ती कबुली नाही!" माझा आवाज त्या खोलीला फार मोठा झाला. "ती ह्यांची रीत आहे! सर, तुम्हीच..."

"नियम सात," मोठे सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"तुम्हीच शिकवलंत त्यांना! सांगा की ह्यांना!"

"सोबत्यांनी बाहेर थांबावं."

वहिनींनी मागं वळून बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. एखादं पोर रस्त्यात पळालं की आई ज्या चेहऱ्यानं बघते तसा चेहरा होता. "जा भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "बसा बाहेर."

मी बाहेर गेलो. दार मागं आपोआप बंद झालं. काचेच्या पट्टीतून मला वहिनींची पाठ, मोठ्या सरांचा अर्धा चेहरा आणि टायपिस्टचा हात एवढंच दिसत होतं. आवाज अजिबात येत नव्हता. पंचवीस वर्षांत मी असा कधी उभा राहिलो नव्हतो. माझे अशील आत, मी बाहेर, आणि मला त्यांचे ओठसुद्धा दिसत नाहीत. मोठ्या सरांचे ओठ हलले. वहिनींची मान हलली. असं चार-पाच वेळा झालं. एकदा सर बराच वेळ बोलले आणि नंतर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. वहिनींची मान अगदी थोडी हलली, आडवी.

काही मिनिटांनी त्या बाहेर आल्या. हातात पर्स, कोट घडी करून.

"काय झालं?"

"कळवतील."

"शेवटी काय विचारलं सरांनी? बराच वेळ बोलत होते."

आम्ही लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी सांगितलं.

"सर म्हणाले, आपण इतकी वर्षं एकत्र काम केलंय. ह्या टिपणातल्या वाक्याबद्दल किंवा त्या बैठकीबद्दल तुम्हाला समितीला काही समजावून सांगायचं असेल, तर मी ते नोंदवून घेईन. अगदी सावकाश सांगा. अजून काही सांगायचंय का?"

मी जिन्यात थांबलो.

"मग?"

"नाही म्हटलं." त्या दोन पायऱ्या खाली गेल्या होत्या, तिथून वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मोठ्या सरांनी दार उघडलं होतं. स्वतःहून बोलायचं धाडस त्यांना झालं नाही, पण वहिनींना बोलू द्यायचं धाडस त्यांनी केलं होतं. आणि मी चार दिवस घरी बसून त्या दाराला आतून कडी लावून ठेवली होती. हे मी त्यांना तिथं सांगितलं नाही. मला लाज वाटली. मी म्हणालो, "बरोबर केलंत." आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण इतकं हलकं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

पाचव्या दिवशी निकाल आला. तो घ्यायला मला हॉस्पिटलच्या कचेरीत बोलावलं. खिडकीतल्या माणसानं पाकीट पुढं केलं आणि पोचपावतीचं पुस्तक उघडलं. तिथं छापलेलं होतं, "डॉक्टरांच्या वतीने". मी सही केली. त्या सगळ्या प्रकरणात वहिनींच्या वतीनं मी अधिकृतपणे केलेलं तेवढं एकच काम.

पत्र सात ओळींचं होतं. स्वतःच्या नोंदवलेल्या मताच्या आधारे, आणि त्याबाबत कोणतंही स्पष्टीकरण न दिल्यामुळे, डॉक्टरांचा शस्त्रक्रियेचा अधिकार पुढील आदेशापर्यंत स्थगित. मी ते फाटकाशी उभ्या उभ्याच तीनदा वाचलं. "पुढील आदेशापर्यंत" म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्याविरुद्ध अपील नसतं. अंतिम आदेश आल्यावर अपील करता येतं, आणि अंतिम आदेश कधी द्यायचा ह्याला मुदत नसते. माझ्याकडच्या एका डॉक्टरांचं तात्पुरतं साडेतीन वर्षं चाललं. दुसऱ्या एकाचं अजून चालू आहे, ते आता गच्चीवर भाज्या लावतात. वहिनी सत्तावन्न वर्षांच्या. साडेतीन वर्षं हात थांबले की सर्जनला पुन्हा टेबलाशी कोण उभं करतं?

मी दादाच्या घरी गेलो. वहिनींनी पत्र वाचलं, दादाला दिलं. दादानं वाचून ते उलटं केलं, मागं काही लिहिलंय का बघितलं. मागं कोरं होतं. "हे काय झालं? चूक काय म्हणतात ते तरी लिहायचं," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसला.

"मी कोर्टात जातो," मी म्हणालो. "नियम सातच बेकायदा आहे म्हणून. रिट टाकतो. दोन मुद्दे आहेत, तीनही निघतील..."

"किती दिवस लागतील?"

मी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

"वहिनी, चूक माझी झाली," मी शेवटी म्हणालो. "शेवटच्या प्रश्नाला... मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, आणि मला ते हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?" आणि उठून फोन घेऊन आल्या.

सोमवारच्या यादीत चार शस्त्रक्रिया होत्या. हॉस्पिटलनं कळवलं असतं. पण वहिनी म्हणाल्या, माझ्याकडून कळलं पाहिजे. त्यांनी डायरी उघडली आणि टेबलाशी बसून एकेकाला फोन लावला. पहिल्या दोघांना त्यांनी शांतपणे सांगितलं, कारण न सांगता. तिसऱ्यानं फोन उचलला नाही. चौथी एक म्हातारी बाई होती, हर्नियाची. शस्त्रक्रियेला घाबरून ती तीन वेळा परत गेली होती आणि आता कुठं तयार झाली होती. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की मला शेजारून सगळं ऐकू येत होतं.

"अगं बाई, मी करणार तर तुमच्याकडूनच! तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन की. किती दिवस थांबू?"

वहिनींनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, किती दिवस सांगू?"

आता मला कुणी अडवत नव्हतं. घर होतं, टेबल होतं, वहिनी विचारत होत्या, आणि कायद्याचं उत्तर फक्त मीच देऊ शकत होतो. मी तोंड उघडलं. महिना म्हणावंसं वाटलं. दोन महिने म्हणावंसं वाटलं. साडेतीन वर्षं तोंडातून निघेना. मी नुसती मान हलवली, आडवी.

वहिनींचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीसारखाच निघाला. त्यांनी तळहात बाजूला केला. "नाही आजी, थांबायचं नाही. हर्निया मोठा आहे तुमचा. मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगते, त्यांच्याकडं जा. माझे गुरू आहेत. त्यांचा हात फार चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. कागद आहे का जवळ?"

कागद होता, पेन नव्हतं. म्हातारी शोधायला गेली. आम्ही वाट पाहत बसलो. मग ती परत आली आणि वहिनींनी मोठ्या सरांचं नाव सांगितलं, त्यांचा नंबर सांगितला, आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून एकेक आकडा पुन्हा सावकाश सांगितला.